पालथी बोट

श्रीपतला नदीनं नेलं असं वाडीत सगळे म्हणत, पण उज्वला तसं कधीच म्हणाली नाही. तिच्या मते तिच्या नवऱ्याला बोटीनं नेलं, आणि ती बोट रितेशची होती.

रितेश तिच्या थोरल्या दिराचा, दत्तारामचा मुलगा. महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठावर त्यांची वाडी, आणि रितेशचा धंदा चोरून रेती काढायचा. त्याची फायबरची बोट उन्हाळाभर काठावरच्या खडकांवर टेकलेली असायची, निम्मी ओल्या रेतीनं भरलेली. दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी खालच्या आळीच्या कौलांना लागलं तेव्हा श्रीपत तीच बोट घेऊन तिथल्या माणसांना आणायला निघाला. उज्वला माळ्याच्या झरोक्यातून बघत होती. बोट प्रवाहात मधोमध गेली आणि उन्हाळाभर खडक टोचत होते नेमका तिथंच तिचा तळ उभा फाटला. श्रीपतनं एक हात वर केला. तेवढ्यात वाहत आलेल्या झाडानं त्याला खाली दाबलं. पूर ओसरल्यावर तो खाडीच्या चिखलात सापडला. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं, मनगटातल्या कड्यावरून त्याला ओळखलं.

पुढच्या वर्षी मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांच्या मंडळानं वाडीला नवी बोट दिली. ती सांभाळायची कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा उज्वला उभी राहिली. तिचा गोठा रिकामाच होता. बोट बनवणाऱ्या कारागिराला फोन करकरून तिनं सगळं विचारून घेतलं. जमीन सारखी करून ऐनाचे ओंडके आडवे टाकले, त्यांवर जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या आणि बोट त्यांवर पालथी घातली, भार एका जागी न येता दोन्ही काठांवर सारखा पडेल अशी. आतली ओल निघून जावी म्हणून तळाचं बूच काढून ठेवलं. वर ताडपत्री टाकली, ती वारा खेळेल इतपत सैल. आठवड्याला ती ताडपत्री उचलून तळावरून हात फिरवायची. कुठं बारीकशी चीर लागली तर बोटाला कळायची.

यंदाच्या मे महिन्यात रितेशची दुसरी बोटही गळायला लागली. तो दारात येऊन उभा राहिला.

"काकी, बोट दे. पाऊस लागायच्या आत आणून ठेवतो."

"नाय."

"गावाची हाय ती. तुझी नाय."

"गावाची हाय म्हणूनच नाय देत. रेती भरायला तर मुळीच नाय."

"काका गेला त्याचा राग अजून माझ्यावर काढतेस होय? मी सांगितलं होतं का त्याला, बोट ने म्हणून?"

उज्वलानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो पिकअप घेऊन आला, सोबत रेतीवरचे दोन गडी. उज्वला मागच्या अंगणात आगोटीची, पावसाळ्यात जाळायची लाकडं फोडत होती. गोठ्याकडून खरवडल्याचा आवाज आला. लोखंडी तवा दगडावर घासावा तसा. ती धावली. बोट ओंडक्यांवरून खाली पाडली होती आणि दोघं तिला दोरानं ओढत बाहेर आणत होते, तळ खाली, अंगणातल्या दगडांवरून. मागं पांढऱ्या भुकटीची रेघ उठली होती.

"सोड," ती म्हणाली.

रितेश हसला आणि स्वतःही दोराला लागला.

तिनं सुटा पडलेला ओंडका उचलला आणि पुढच्या गड्याच्या खांद्यावर घातला. तो कळवळून बसला. दुसऱ्यानं दोर टाकला आणि कुंपणावरून पळाला. रितेश वळला. त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली, दात तुटून जिभेवर आला. ती पडली तशी त्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. तिला श्वास घेता येईना. तोंडात रक्त आणि माती. डोळ्यांसमोर बोटीचा तळ होता, त्यावर लांबच लांब ओरखडा, आतले तंतू उघडे पडलेले. तिसरी लाथ आली तेव्हा तिनं पायच धरला आणि दातांत धरावा तसा सोडला नाही.

रितेश तोल जाऊन आपटला. ओंडका तिच्या हाताशीच होता. तिनं तो त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला नीट ऐकू आला, आणि बरा वाटला. पुन्हा तिथंच घातला. तो ओरडत मागं सरकत होता, "काकी, काकी." ती उभी राहिली, ओंडका डोक्यावर नेला. आता गुडघा नको होता तिला.

तिची सासू साळूबाई पडवीतून कशी आली कुणास ठाऊक. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिच्या दंडाला मिठी मारली आणि अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळली.

"पोरी, टाक तो. श्रीपतचा पुतण्या हाय गो."

"त्यानंच मारलं श्रीपतला."

"ठाव हाय मला. मीच जन्म दिलाय श्रीपतला. तरी टाक."

उज्वलानं ओंडका टाकला, पण पुष्कळ वेळानं.

दत्ताराम शेतावरून आला तेव्हा मुलगा अंगणात विव्हळत होता आणि भावजय पायरीवर बसून रक्त थुंकत होती.  त्यानं रितेशला पिकअपमध्ये घालून महाडला नेलं. त्याच गाडीत उज्वलाही चढली, कुणी न बोलावता. दवाखान्यासमोर उतरून ती चालत पोलीस ठाण्यात गेली आणि म्हणाली, "पुतण्याचा पाय मी मोडलाय. लिहून घ्या."

गुन्हा दोघांवरही दाखल झाला. रितेशच्या गुडघ्यात धातूची पट्टी घातली, पण पाय कायमचा आखडला. उज्वलाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या पावसाळ्यात दुखत राहिल्या. कारागीर येऊन ओरखडा घासून, भरून गेला. यंदा पाणी वाडीपर्यंत आलंच नाही, बोट जागची हलली नाही.

दिवाळीनंतरच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ती दोघं एकाच बाकावर आली. दुसरीकडं बसायला जागा नव्हती. रितेशनं काठी बाजूला टेकवली. 

"काकी, तू त्या दिवशी मला जीवे मारणार होतीस ना?"

"हो."

"आणि आता?"

उज्वलानं त्याच्या ताठ पायाकडं पाहिलं. उत्तर शोधावं लागलं तिला, आणि ते तिला स्वतःलाच आवडलं नाही.

"आता म्हातारी आजारी हाय," ती म्हणाली. "तिला भेटून जा. तुझीच वाट बघते."

शिपायानं नाव पुकारलं. रितेश काठीवर रेलून उठला, त्याला उठायला वेळ लागला. उज्वला बसूनच राहिली, त्याला उठवायला तिनं हात पुढं केला नाही.