शंभर टक्क्यांचा शनिवार

मी एक जुना सूचनाफलक आहे. सहा फूट रुंद, चार फूट उंच. वारज्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या भोजनगृहात मी टांगलेला होतो. ज्या शनिवारची लाज मला अजून वाटते, त्या शनिवारी माझ्या अंगावर तेवीस चिठ्ठ्या होत्या. नऊ पिवळ्या, आठ निळ्या, सहा गुलाबी. तेवीसही चिठ्ठ्यांवर हिरवी बरोबरची खूण होती. मित्रांनो, त्यांतली एक खूण खोटी होती.

माझा जन्म टिंबर मार्केटमधला. प्लायवूडवर हिरवे कापड ताणून बसवले, कडेने अॅल्युमिनियमची पट्टी मारली आणि टेम्पोतून मला इथे आणले. पहिली काही वर्षे माझ्यावर जेवणाच्या वेळा आणि हरवलेल्या छत्र्यांच्या सूचना लागत. तेव्हा हिंजवडीत नवनव्या कंपन्या उघडत होत्या. अमरावती-यवतमाळकडच्या मुली नोकरीसाठी येत आणि इथे राहत. पण वरच्या न्हाणीघरांचे पाणी खाली झिरपू लागले. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने बजावले, मेअखेर गळती थांबली नाही तर वसतिगृह बंद. मुलींनी कुठे जायचे, हे कुणी सांगितले नाही.

दुरुस्तीसाठी श्रद्धा नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने माझ्यावरच्या जुन्या सूचना काढल्या आणि सगळ्या कारागिरांना माझ्यापुढे उभे केले. तिची रीत नवी होती. काम शेवटून मागे आखायचे: फरशी बसण्याआधी काय हवे, त्याच्या आधी काय हवे. हुकूम कुणी सोडायचा नाही. ज्याचे काम, त्यानेच चिठ्ठी लिहून आठवड्याचा शब्द द्यायचा. जमणार नसेल तर तसे आधीच सांगायचे, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. शनिवारी किती शब्द पाळले गेले त्याची टक्केवारी काढायची. पिवळ्या चिठ्ठ्या प्लंबर भीमरावांच्या, निळ्या फरशीवाल्या इमादच्या, गुलाबी वायरमनच्या. मला तेव्हा फार अभिमान वाटे. माझ्यापुढे माणसे एकमेकांशी बोलत होती.

पण टक्केवारी साठच्या वर सरकेना. मग श्रद्धाने मोठ्या लाल टिकल्यांचे पाकीट आणले. ज्याचा शब्द चुकला त्याच्या चिठ्ठीला टिकली लावायची आणि नाव मोठ्याने वाचायचे.

"भीमरावकाका, तुमच्या चिठ्ठ्या हळदीकुंकवाला निघाल्या वाटतं!" इमाद म्हणाला. सगळे हसले. भीमराव हसले नाहीत.

त्यानंतर माझ्यापुढे 'नाही जमणार' हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. श्रद्धा विचारायची, "होईल ना?" उत्तर ठरलेले असे, "होऊन जाईल." नळांची दाब देऊन तपासणी करायचा हातपंप हवा, असे भीमरावांनी तिला एकदा जिन्यात सांगितले होते. ती "बघते" म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या त्या शब्दाची चिठ्ठी माझ्यावर कधीच लागली नाही. तिच्यासाठी रंगच ठरवला नव्हता.

आणि मग तो शंभर टक्क्यांचा शनिवार आला. श्रद्धाने माझा फोटो काढून संस्थेला पाठवला. खोटी खूण अंगावर घेऊन मी मिरवलो.

सोमवारी सकाळी वरच्या नळांत पाणी सोडले आणि छतातून धार थेट माझ्यावर आली. चिठ्ठ्यांवरची निळी शाई ओघळून माझ्या कापडात मुरली.

रेक्टर कौशल्याताई बादली घेऊन आल्या. "शंभर टक्के म्हणत होतात ना, श्रद्धा? गळतंयही अगदी शंभर टक्के."

इमादने बसवलेल्या नव्या फरशीखाली नळाचा सांधा गळत होता. श्रद्धा भीमरावांकडे वळली. "दाब देऊन तपासलं होतंत ना?"

"पंप कुठं होता, मॅडम?"

"मग सांगायचं होतंत!"

"सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं असतं तर टिकली लावली असतीत." भीमरावांचा आवाज खाली गेला. "चारचौघांत माझं नाव वाचलंत. हाताखाली माझा जावई काम करतो. त्याच्यासमोर."

"काका, मॅडमना नसतं सांगितलं तरी चाललं असतं," इमाद म्हणाला. "मला तरी कानात सांगायचं. मी फरशी लावली नसती. आता माझ्याच हातानं फोडायची."

आपण केलेला विनोद आठवून की काय, इमादने मग काकांच्या हातात कोरडे फडके दिले.

श्रद्धाचे कान लाल झाले होते. तिने माझ्या कडेला अडकवलेले टिकल्यांचे पाकीट काढून टाकले. मग कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीवर लिहिले, 'हातपंप आणणे. श्रद्धा. झाले नाही.' ती चिठ्ठी माझ्या मधोमध टोचून ती म्हणाली, "कुणीतरी मोठ्यानं वाचा."

कुणीही वाचली नाही.

भीमराव पुढे आले. तपासणीची ओली पिवळी चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यावरची हिरवी खूण खोडली. त्याच संध्याकाळी पंप आला. फरशी फोडायला भीमराव इमादच्या शेजारी बसले. त्या आठवड्यात एकवीसपैकी बाराच शब्द पाळले गेले. बाकीच्या नऊ शब्दांबद्दल ज्याने त्याने आधीच 'जमणार नाही' म्हणून सांगितले होते.

मित्रांनो, माझे कापड आता विटले आहे, आणि ते निळे डाग काही गेले नाहीत. तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखा एखादा फलक असेल तर त्याला जपा. त्याच्यावर कुणाला लाजवू नका. 'मला जमणार नाही' असे वेळेवर सांगणाऱ्याला आधी बसायला पाट द्या.

सांधा बदलल्यावर श्रद्धाने शिडीवर चढून छतावरच्या ओलीची कड पेन्सिलीने आखली आणि वरचे सगळे नळ रोज वापरात ठेवले. मेच्या शेवटच्या दिवशी संस्थेच्या लोकांसमोर तिथे मोजपट्टी लावली. ओलीची कड पेन्सिलीच्या रेघेपासून अठरा सेंटीमीटर आत सरकलेली होती; ओल वाळत होती, गळती थांबली होती.