सखुबाईच्या टाकीतली वाळू

मित्रांनो, मी एक जुनी वाळू आहे. जेमतेम दोन घमेली भरेन एवढीच. उरणच्या किनाऱ्यावर होते तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं. तिथे माझ्यासारखी वाळू पैशाला पासरी. देश स्वतंत्र झाला त्या साली मीठ खात्याचा एक गोरा साहेब मासे पाळायची आपली काचेची टाकी मागे टाकून विलायतेला गेला. शेव्याजवळच्या मिठागरात राबणाऱ्या धर्माने ती घरी आणली आणि माळ्यावर ठेवून दिली.

पुढे धर्माची बायको सखुबाई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून घसरली. कमरेखालचं अंग कायमचं गेलं. मूलबाळ नव्हतं. दिवसभर एकटी पडून पडून ती बोलेनाशी झाली, तेव्हा धर्माने टाकी खाली काढली, किनाऱ्यावरून मला आणून तळाला पसरलं, खाडीचं पाणी भरून त्यात मासे सोडले आणि ती खाटेशी ठेवली. रोज भरतीला तो पाणी बदलायचा. माशांमध्ये एक पिवळा होता, काळ्या पट्ट्यांचा. सखुबाई त्याला ‘बाला’ म्हणे. तिचं बोट काचेला लागलं की तो तीरासारखा येई. ती पुन्हा बोलू लागली, हसूही लागली. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

पण मला कोणी कधी हलवलं नाही. माशांची घाण, उरलासुरला जवळा माझ्यात मुरत गेला. वरून मी पांढरी राहिले आणि आतून काळी झाले.

बाला वाढला, टाकी त्याला अपुरी पडू लागली. १९६१ साली सखुबाईचा भाऊ चंदर मुंबईहून लाँचने मोरा बंदरावर मोठी टाकी घेऊन उतरला. “दाजी, नवी वाळू आना,” तो म्हणाला. “न्हायतर हीच समुद्राच्या पान्यात धुवून घ्या.”

“आगराची जुनी माती कोन टाकतो का?” धर्मा हसला.

मिठागरात जुनाच चिखल चोपून पुन्हा वापरतात, आणि धर्माचे हात त्या कामात मुरलेले. त्याने मला तळापासून उपसलं, नव्या टाकीत ओतलं आणि फळीने चोपून चोपून बसवलं. कुजक्या अंड्यांचा वास घरभर सुटला.

सखुबाईने पदर नाकाला लावला. “ओ, वास मारतेय. बालाला नका सोडू त्यात.”

“अगं, यो आपल्या आगराचा वास. चांगला वास हाय.”

मिठागराचा काळा चिखलही असाच घाणतो, आणि जन्मभर त्या वासावर धर्माचं पोट भरलं होतं. मासे सोडून तो कामावर गेला. चंदरही लाँच गाठायला निघाला.

मग माझ्या पोटातलं विष पाण्यात उतरलं. बाला वर येऊन तोंड वासू लागला. सखुबाईने हाकांवर हाका मारल्या, पण शेजारीपाजारी सगळे मिठागरावर. खाडीच्या ताज्या पाण्याची घागर दाराशी होती, तिथवर तिला जाता येईना. बाकीचे मासे उलटले, शेवटी बालाही आडवा होईपर्यंत ती बघत होती. मीही बघत होते. त्या दिवसासारखा दिवस वैऱ्यावरही येऊ नये.

संध्याकाळी धर्मा आला. ती एवढंच म्हणाली, “माजी खाट भिंतीकडं फिरवा.”

त्याने मला खाडीवर नेऊन नितळ पाणी निघेपर्यंत धुतलं. नवे मासे आणले. ते अजून धडधाकट आहेत. “सखू, बघ तरी,” असं तो रोज म्हणतो. ती मान वळवत नाही.

मित्रांनो, जुनी वाळू टाकूनच द्या असं मी म्हणत नाही. नव्या टाकीत न्यायची तर आधी समुद्राच्या पाण्यात धुवा, तळची काळी फेकून द्या आणि पाणी निवळल्यावरच त्यात मासे सोडा. एवढं आता धर्मालाही कळतं. पण घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि ते म्हणालं की वास येतोय, तर हातातलं काम टाकून ऐका. त्याच्या हाती तेवढं सांगणंच असतं.