आत्या म्हणायचं नाही

सुलेखाबाईंना कराचीचा विषय काढायला निमित्त लागत नसे. ओक ट्री रोडवर मेथीची जुडी निवडताना, मुलाच्या गाडीत बसून पट्टा लावताना, कुठेही त्यांची गाडी कराचीवर यायची. "आमच्या कराचीला समुद्रावर उंट असायचे," त्या म्हणायच्या आणि ऐकणारा दचकायचा. बाई पुण्याची, सासर साताऱ्याचं, राहते अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे आणि म्हणते आमची कराची! खरं सांगायचं तर उभ्या जन्मात त्या तिथे एकदाच गेल्या होत्या. त्र्याऐंशी साली, लग्नाआधी, वडिलांबरोबर, पंधरा दिवस. पण वडील तिथे जन्मले, तिथल्या शाळेत मराठी शिकले आणि फाळणीनंतर बोटीने मुंबईला उतरले. तेव्हापासून मरेपर्यंत ते मनाने कराचीकरच राहिले. बापाचं गाव ते आपलं गाव, यात दचकण्यासारखं काय आहे, असं सुलेखाबाईंना वाटे.

त्या पंधरा दिवसांबद्दल त्या भरभरून बोलत. वडिलांचे शाळासोबती हमीदचाचा विमानतळावर न्यायला आले होते. त्यांची बायको, जिला सुलेखा खाला, म्हणजे मावशी, म्हणे, तिने आल्या आल्या तिचे दोन्ही गाल कुस्करले. त्यांची मुलगी शाहीन सुलेखाच्याच वयाची. दोघी गच्चीवर गाद्या टाकून झोपायच्या, वारा इतका की चादर धरून ठेवावी लागे. क्लिफ्टनच्या समुद्रावर उंटावर बसताना शाहीन इतकी किंचाळली होती की उंटवाल्यानेच कानावर हात ठेवले. चाचांनी त्याच वेळी फोटो काढला. पुढे उंट, उंटावर दोघी, बाजूला पदर सावरत हसणाऱ्या खाला.

सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट त्या सांगत नसत. नवऱ्याला सांगितली नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच.

ती खाला मुळी खाला नव्हतीच. ती सुलेखाची सख्खी आत्या होती. वडिलांची मोठी बहीण.

सत्तेचाळीसचं साल. घरातली सगळी माणसं सामानसुमान घेऊन बंदरावर गेली आणि एकोणीस वर्षांची ही मुलगी बोटीत चढलीच नाही. कुणी पळवली नाही की धमकावली नाही. भावाच्या दोस्तावर जीव जडला होता, ती आपल्या पायांनी मागे राहिली. पुण्यात आजोबांनी "दंगलीत गेली" म्हणून जाहीर केलं आणि तिचं श्राद्धही घालून मोकळे झाले. तिकडे हमीदचाचांनी सांगितलं, मुलगी कोकणी मुसलमान आहे, दंगलीत अनाथ झाली. त्यामुळे तिच्या बोलण्यातला मराठी हेल खपून गेला. एक माणूस दोन देशांत दोन प्रकारे मेलं आणि संसार मात्र छान झाला.

हे सुलेखाला कळलं ते स्वयंपाकघरात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती तांदूळ काढायला गेली आणि डब्यात हात घातल्यावर बोटांना काहीतरी गार लागलं. बाहेर काढलं तर अंगठ्याएवढी चांदीची अन्नपूर्णा. आपल्याकडे मुलगी सासरी जाताना आई बरोबर देते ना, तांदळात ठेवायची, तीच. खालांनी मागून येऊन तिची मूठ मिटवली.

"माझ्या आईची आहे. म्हणजे तुझ्या आजीची," त्या स्वच्छ, घरगुती मराठीत म्हणाल्या. "बोटीवर गेले नाही ना मी, मग कोण देणार? मीच उचलली देवघरातून."

सुलेखाच्या तोंडून "आत्या" निघायच्या आत त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला कांद्याचा वास होता.

"आत्या म्हणायचं नाही. कधीच नाही. माझी पोरं, त्यांची लग्नं, सगळं या एका शब्दावर उभं आहे."

सुलेखाने तो शब्द गिळला. निघताना मात्र एक बारीकसा प्रमाद झाला. विमानतळावर ती वाकून म्हणाली, "जाते मी." आत्याने चटकन कानाशी येऊन दटावलं, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." शाहीन शेजारीच उभी होती. तिला त्यातलं एवढंच मराठी आलं आणि ते तिने आयुष्यभर पुरवलं.

आत्या जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. मरताना तिने शाहीनला सगळं सांगितलं आणि अन्नपूर्णा हातात दिली. शाहीनचं लग्न टिकलं नाही, ती माहेरीच राहिली, त्याच घरात. भाऊ गेल्यावर घर भाच्याच्या हातात आलं. तारिक त्याचं नाव. शाहीन दर रविवारी सुलेखाबाईंशी व्हॉट्सॲपवर बोलायची, इथली सकाळ, तिकडची संध्याकाळ. अलीकडे तारिकचा विषय निघाला की तिचा आवाज खाली जाई. "लड़का बुरा नहीं है," ती म्हणायची, "पर उसके उठने-बैठने वाले बदल गए हैं." मुसलमान म्हणून नांदलेली, मुसलमान म्हणून पुरलेली बाई घरात मूर्ती ठेवून होती आणि तिची मुलगी ती अजून सांभाळते, हे त्या मंडळींच्या कानावर गेलं तर काय होईल, ते शाहीन पूर्ण कधी बोलत नसे. "घर तो जाएगा ही," म्हणायची आणि पुढचं वाक्य सोडून द्यायची. फेकून दे म्हटलं तर ऐकेना. "अम्मी की माँ की है. चावल में रहती है, किसी का क्या लेती है?" फोन ठेवताना मात्र न चुकता मराठीत, "येते हं, सुलेखा."

आणि इतकं सगळं माहीत असून सुलेखाबाईंनी माती खाल्ली. नातीच्या प्रेमापोटी खाल्ली, पण माती ती मातीच.

अनिका त्यांची नात, दहावीत. तिच्या शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता, घरातल्या मोठ्यांची एक आठवण रेकॉर्ड करायची. सून हिमानी म्हणाली, "आई, तुम्ही कराची सांगा ना, तुमचं ते उंटाचं." झालं! बाईंनी नवी साडी नेसली, केसांना तेल लावलं आणि सोफ्यावर बसून फोनसमोर अशी सुरुवात केली की थांबेचनात. त्यांनी काळजी घेतली नाही असं नाही. आडनाव घेतलं नाही, गल्ली सांगितली नाही, अन्नपूर्णेचा तर उच्चारही नाही. सगळीकडे खाला, खाला, खाला. शेवटी अनिकाने विचारलं, "आजी, अँड व्हेन यू लेफ्ट? व्हॉट डिड यू से टू हर?"

बाईंच्या समोर अनिका नव्हती, फोन नव्हता, विमानतळ होता. त्या म्हणाल्या, "वाकून नमस्कार केला, म्हटलं, येते हं आत्या."

म्हटलं नव्हतंच खरं तर. चाळीस वर्षं म्हणायचं राहिलं होतं, ते तेव्हा निघून गेलं.

रात्रीच्या जेवणाआधी अनिकाने व्हिडिओ दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. शेवटच्या वाक्याला सुलेखाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण खाली लिहिलं होतं, 'बाय, आंटी.'

"हा शेवट काढून टाक गं," त्या म्हणाल्या.

"आजी, नो! दॅट्स द बेस्ट पार्ट. मी रडले तिथे."

"मी आत्या म्हटलंय त्यात."

"सो? इट्स जस्ट आंटी."

बाईंनी पुन्हा पाहिलं. खरंच की. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्यांची एकाच पातेल्यात भाजी. त्या भाषेचा असा आधार त्यांना पहिल्यांदाच वाटला. शाळेतली पोरं पाहणार, त्यांना काय कळतंय! त्यांनी मान हलवली आणि अनिकाने तोच शेवट उंटाच्या फोटोसकट इन्स्टाग्रामवर टाकला.

पहिले दोन-तीन दिवस घरात दिवाळी होती. हजार लोकांनी पाहिलं, मग दहा हजार. जुन्या कराचीवर प्रेम करणाऱ्या कुठल्याशा पेजने ते उचललं आणि आकडा लाखात गेला. 'दादी को सलाम,' 'हमारे शहर को याद रखने का शुक्रिया,' असं काय काय. मुलगा प्रसन्न ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटला. सुलेखाबाई हसत होत्या. पण दर वेळी कुणी तो व्हिडिओ लावला की त्या शेवटाआधी उठून स्वयंपाकघरात जात.

मग चारुदत्त काकांचा फोन आला. काका म्हणजे इथल्या मराठी मंडळातले सर्वज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी इतिहासाचा जो ध्यास घेतला होता, त्यापुढे इतिहासानेच हात टेकले असते. उंटावरचे शहाणे खूप असतात, पण हे उंटाच्या फोटोवर शहाणपण करणारे पहिलेच.

"सुलेखाताई, मला फसवता काय?" काका खुशीत होते. "खाला खाला म्हणता आणि शेवटी आत्या! ती बाई तुमच्या वडिलांची बहीण! फोटोतलं नाक बघा ना, तुमचंच नाक! मागे राहिलेली ब्राह्मणाची मुलगी! अहो, काय इतिहास आहे हा, लपवता कशाला?"

"चारुदत्तराव, कुणाशी बोलू नका. तुम्हाला माझी शपथ आहे."

"बोललो नाही हो, लिहिलंय. खाली कमेंटमध्ये. इंग्रजीत लिहिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. आत्या म्हणजे काय ते नीट समजावलंय. शिवाय आपली पद्धतही लिहिली, की आपल्या मुली अन्नपूर्णा घेऊन जातात आणि तांदळात ठेवतात. मी तर पैजेवर सांगतो, त्या माउलीने नक्की नेली असणार! चारशे लाइक्स आलेत ताई. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

त्यांच्या आवाजात कणभर दुष्टपणा नव्हता. तेच तर भयंकर होतं.

बाईंनी शाळेतून आलेल्या अनिकाला दप्तरही खाली ठेवू दिलं नाही. "काढ. आत्ताच्या आत्ता काढ ते." आजीचा चेहरा बघून पोरगी घाबरली, तिने काढलं. काकांची कमेंटही त्याच्याबरोबर गेली. पण मग तिनेच रडकुंडीला येऊन सांगितलं, त्या कराचीच्या पेजने आपली कॉपी करून ठेवलीय, ती आपल्याला काढता येत नाही. आणि काकांच्या कमेंटचा फोटो काढून कुणीतरी तो तिथे चिकटवला होता. खाली उर्दूत ओळीच्या ओळी. त्या कुणालाच वाचता आल्या नाहीत.

सुलेखाबाईंनी शाहीनला मेसेज केला. 'डिब्बा हटा दो. आज ही.' एकच टिक. दुसऱ्या दिवशीही एकच टिक. गुरुवारी दोन झाल्या, निळ्या झाल्या, उत्तर आलं नाही. बाईंनी जीव मुठीत धरून स्वतःला समजावलं, वाचलं म्हणजे हलवला असेल डबा. शाहीन हुशार आहे. प्रसन्नला वाटलं आईचं बीपी वाढलंय. त्याने गोळी आणून दिली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. सांगणार काय? एक शब्द सांगून हे झालं होतं.

रविवारी सकाळी घरातले सगळे कुशच्या, म्हणजे नातवाच्या, सॉकरला गेले. बाहेर ऊन छान पडलं होतं, शेजारचा माणूस गाडी धूत होता. नेहमीची वेळ झाली, फोन वाजला नाही. मग त्यांनीच लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अस्सलाम आलेकुम, आंटी. तारिक बोल रहा हूँ."

आवाज मऊ होता, अदबशीर.

"शाहीन कहाँ है, बेटा?"

"फूफी यहीं बैठी हैं, मेरे सामने. आंटी, आपसे एक लफ़्ज़ का मतलब पूछना था. ये 'आत्या' किसको कहते हैं?"

सुलेखाबाईंनी भिंतीला हात टेकला. "ख़ाला को, बेटा. हमारे यहाँ ख़ाला को ही कहते हैं."

"अच्छा." तो म्हणाला. "एक साहब ने तो लिखा है, बाप की बहन. जैसे शाहीन फूफी मेरी हैं, वैसे मेरी दादी आपकी."

"वो बूढ़ा आदमी है, कुछ भी लिखता है. उसकी बात पर मत जाना, बेटा. मैं तेरे पाँव पड़ती हूँ."

"पाँव क्यों पड़ती हैं, आंटी? सिर्फ़ लफ़्ज़ ही तो पूछा है," तो म्हणाला. मग फोन तोंडापासून लांब नेऊन कुणाला तरी म्हणाला, "वो चावल वाला लाओ."

डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग परातीत तांदूळ ओतल्याचा. सरसर, सरसर, बराच वेळ. सुलेखाबाई ऐकत राहिल्या. हलवला असेल, तिने हलवला असेल, त्या मनातल्या मनात घोकत होत्या. शेवटी तांदळामागोमाग परातीवर काहीतरी टणकन वाजलं.

मग मागून शाहीनचा आवाज आला, अगदी शांत, सगळ्यांसमोर, मराठीत.

"जाते हं, सुलेखा."

आणि फोन बंद झाला.