सोलापूर लॅब

नारायणरावांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून फोन काढला आणि तो काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला.

"हा बदलायचा आहे."

"काय झालं ह्याला?" शंभुलिंगनं फोन सुलटा केला. तुळजापूरच्या बसस्टँडमागं त्याचं मोबाइलचं दुकान होतं. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला नारायणरावांनीच, शाळेत क्लार्क असताना, लिहून दिला होता. त्यामुळं ते आले की तो अजून स्टुलावरून उठायचा. "काच चांगली हाय, बॅटरी चांगली हाय. दीड वर्ष बी झालं न्हाय, सर."

"तसं काही झालं नाही. पण मला असा पाहिजे की..." दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं. "माझ्या फोनमधलं दुसऱ्या कुणाला दिसायला नको. आयफोन बरा म्हणतात त्याला."

एकसष्टाव्या वर्षी माणसाकडं लपवण्यासारखं काही उरत नाही, असा लोकांचा सोयीस्कर समज असतो. नारायणरावांकडं एक गोष्ट होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गेलं वर्षभर दर पंधरा दिवसांनी गुरुवारी ते दहाची एसटी धरून सोलापूरला जात. तिथं एका दवाखान्यामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रोहिणी नावाची चाळिशी ओलांडलेली बाई राहायची. पैसे घेऊन पुरुषांना सोबत देणं हा तिचा व्यवसाय होता. नंबर त्यांना इंटरनेटवर मिळाला होता. पहिल्या खेपेला ते नुसते चहा पिऊन परत आले होते. आता परतीच्या गाडीत त्यांना तामलवाडी येईपर्यंत गाढ झोप लागायची, जी घरी पलंगावर लागत नसे.

घरी ते 'अणदूरला भावाकडं जातो' असं सांगत. इमारतीत खाली रक्त तपासायची लॅब होती, म्हणून रोहिणीचा नंबर त्यांनी 'सोलापूर लॅब' या नावानं ठेवला होता. आपल्या हुशारीवर ते खूशही होते. काल संध्याकाळी मात्र पुण्याहून मुलाचा, मुकुलचा, फोन सुनेच्या, जाईच्या, फोनवर आला. बोलणं झाल्यावर त्यांचं बोट कुठंतरी लागलं आणि त्या फोनमध्ये, तिच्या मैत्रिणींच्या नावांच्या रांगेत, 'सोलापूर लॅब' ठाण मांडून बसलेली त्यांना दिसली.

शंभुलिंगनं शोकेसमधून दोन फोन काढून समोर ठेवले.

"हा अँड्रॉइड. ह्यात काय पाहिजे ते टाका, काढा, दुरुस्ती कुठंबी होती. आन् हा आयफोन. ह्याचं सगळं सोवळ्यातलं. लई कडक. पण दिसतंय काय आन् कुणाला, ते तरी सांगा."

"माझे नंबर सुनेच्या फोनमध्ये दिसतात."

"व्हय का! मग फोनचा काय दोष?" शंभुलिंग हसला. "फोन चालू कुणी करून दिला तुम्हाला?"

"मुकुलनं. आमच्या घरात एकच जीमेल आहे. गॅसचा फॉर्म भरताना काढलेलं."

"झालं तर. एका जीमेलवर दोन फोन. तुम्ही इकडं नंबर टाकला की तिकडं उगवतोय. आता आयफोन घ्या न्हायतर आणखी कुठला घ्या, त्यात तेच जीमेल टाकलं तर फिरून तेच."

"नुसते नंबरच?"

"नकाशा बी. हे बघा." त्यानं फोन त्यांच्यासमोर धरला. नकाशावर दोन ठिपके होते. एक तुळजापुरात, बसस्टँडमागं. दुसरा तामलवाडीत, जाई शिकवायची त्या झेडपीच्या शाळेवर. "ह्या वहिनी. आता शाळेत हायत. त्यांनी बघितलं तर तुम्ही बी त्यांना असंच दिसणार."

गेल्या वर्षभरातले सगळे गुरुवार नारायणरावांच्या डोळ्यांपुढून गेले.

"वेगळं करून देऊ का? पाच मिनिटांचं काम हाय."

"नको. आज नको."

खाडाखोड केलेला कागद आधी नजरेत भरतो, एवढं पस्तीस वर्षांच्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरची बॅग काढली आणि तिच्यात तीन शर्ट, दाढीचं सामान आणि पासबुक भरलं. आता खरंच अणदूरला भावाकडं जाऊन राहायचं. जाई शिवीगाळ करणारी नव्हती, भांडणारी तर मुळीच नव्हती. पण उद्यापासून तिनं ताट वाढून आत निघून जायचं, 'मामा' म्हणायचं टाळायचं, ते एका खोलीत आले की दुसऱ्या खोलीत जायचं, हे त्यांना सोसलं नसतं. या घरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

साडेपाचला जाई आली. पर्स खांद्यावरच होती, तेवढ्यात तिला पलंगावरची बॅग दिसली. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"मामा, ॲडमिट व्हायला सांगितलंय का?"

"कुठं?"

"आता तरी लपवू नका. आठ महिने झाले, मला माहीत आहे." ती म्हणाली. "एकदा तुमचा फोन लागेना, म्हणून मी नकाशात बघितलं. तुम्ही अणदूरला म्हणून गेलेले आणि ठिपका सोलापूरला, किडनीच्या दवाखान्यावर. नंतर तो लॅबचा नंबर दिसला. दर पंधरा दिवसांनी तिथंच, दोन-दोन तास. तुम्ही बोलत नाही म्हणजे तुमची इच्छा नसेल, म्हणून मी ह्यांनाही सांगितलं नाही. भाजीत मीठ तेवढं निम्मं केलं. टोमॅटो बंद केले. तुम्ही एका शब्दानं तक्रार केली नाही, तेव्हा माझी खात्रीच पटली."

आठ महिने अळणी वरण खाताना सुनेच्या हाताची चव गेली असं नारायणरावांना वाटत होतं. आपल्यासारख्या माणसाला हेच बरं, असं म्हणून त्यांनी ते मुकाट्यानं गिळलं होतं.

जाईनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

"माझा रक्तगट तपासून घेतलाय. तुमचा-माझा एकच आहे. ह्यांना बीपी आहे, त्यांची किडनी चालणार नाही. लागली तर माझी घ्या. मी सगळं विचारून आले आहे."

'आता बरं आहे, डॉक्टरांनी औषध थांबवलं' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. बोललं असतं तर वर्षभराचं सगळं त्याखाली कायमचं झाकलं गेलं असतं. वाक्य जिभेवर आलंही. नारायणरावांनी कागद उलगडला. त्यावर तारीख गेल्या श्रावणातली होती आणि घड्यांवर तो फाटायला आला होता. एवढे दिवस ती तो शाळेत नेत होती, परत आणत होती.

"दवाखाना नाही, जाई," ते म्हणाले. "दवाखान्यामागं एक बाई राहते. मी तिच्याकडं जातो."

"नात्यातली?"

"नाही. पैसे देऊन जातो."

ते फरशीकडं बघत होते. पंखा फिरत होता.

"म्हणजे किडनी?"

"दोन्ही चांगल्या आहेत."

जाईनं ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलायला लागले. ती रडत होती, पण मध्येच तिला हसू फुटलं, मग पुन्हा रडू आलं. नारायणरावांनी उठून पाण्याचा तांब्या आणला आणि तो हातात घेऊन तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत कुणी आपल्यासाठी एवढं घाबरलं असेल, असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचेही डोळे भरून आले.

"आठ महिने, मामा!" ती म्हणाली. "रोज झोपताना देवीला सांगत होते मी."

"चुकलं माझं."

"राग येणार आहे मला. उद्या येईल. आत्ता येतच नाही." तिनं घोटभर पाणी प्यायलं आणि नाक पुसलं. बॅगेकडं बोट दाखवलं. "आणि हे काय?"

"अणदूरला जाणार होतो."

"काही नको. शर्ट चुरगळतील, काढा ते." मग तिनं हात पुढं केला. "फोन द्या इकडं."

त्यांनी दिला. ती बराच वेळ काहीतरी दाबत राहिली. त्यांचं नाव विचारलं नाही, जन्मतारीखही नाही. दोन्ही तिला पाठ होती. शेवटी तिनं फोन परत त्यांच्या हातात ठेवला.

"तुमचं वेगळं जीमेल काढलंय. आता पासवर्ड टाका. कुणाला सांगायचा नाही." ती उठली. "मलासुद्धा."

आणि ती त्यांच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नारायणराव चष्मा लावून एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. त्यांना फार वेळ लागला. झालं का, असं तिनं दोनदा विचारलं, पण वळून पाहिलं नाही.