सोपटाची गाठ

मी एक जुनी मोटारगाडी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हणताना मला जरा अडखळायला होते, कारण जुनी व्हायला आधी कुणाची तरी नवी व्हावे लागते. ते भाग्य माझ्या वाट्याला आले नाही. आज मी कामणच्या एका गोदामामागे चारही टायर जमिनीला टेकवून उभी आहे. मला इथे कुणी काही विचारत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

कारखान्यातून आम्ही आठ बहिणी एकाच ट्रेलरवरून वसईला आलो. महामार्गालगतच्या शोरूममध्ये उतरल्यावर सातजणींच्या काचांवर गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लागल्या. माझ्या दारावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिले, 'चालवून पाहा'. मला वाटले, सगळ्यांत मोठा मान माझाच. पहिले काही महिने मी त्याच तोऱ्यात होते. सातही जणी चाकाखाली लिंबू चिरडून आपापल्या घरी गेल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चालवून पाहायची मी, आणि घरी न्यायची दुसरी.

माझी वाट ठरलेली होती. चिंचोटी नाक्यावरून कामणच्या रस्त्याला लागायचे, पुलाशी वळायचे, परत यायचे. शेजारी शोरूमचा परेश बसे. हा तुळिंजचा, गोड बोलण्यात पटाईत. गिऱ्हाईक कुणीही असो, मी कधी गचका दिला नाही, चढावर कुरकुरले नाही. 'काय स्मूद आहे,' असे सगळे म्हणत आणि उतरून जात. एक गोदामवाले गृहस्थ तर चार वेळा आले. चारही वेळा मला आपल्या गोदामापर्यंत नेऊन त्यांनी कामे उरकली आणि 'विचार करून सांगतो' म्हणाले. अजून विचारच करत असतील. जूचंद्रच्या एका बाईंनी मागच्या सीटवर पावाचा चुरा सांडला आणि वर म्हणाल्या, गाडी अस्वच्छ आहे. कौतुक पुष्कळ झाले, पण कौतुकाने पोट भरत नाही.

मग दोन हजार तीनच्या भाद्रपदात बाबूकाका आले. पश्चिमेकडच्या वाडीतले बागायतदार, केळी आणि सोनचाफ्याचे. बरोबर बायको मालनकाकू आणि बँकेत नोकरीला असलेला मुलगा मयूर. मालनकाकूंचा उजवा गुडघा वाकत नसे. रिक्षात त्यांना तिरके बसावे लागे, पाय बाहेर राही आणि प्रत्येक खड्ड्याला कळ येई. म्हणून गाडी घ्यायची होती.

बाबूकाकांनी आधी मला प्रदक्षिणा घातली. बॉनेटवर थाप मारली. मग मयूरने मला चालवले आणि मालनकाकू पुढे बसल्या. माझी पुढची सीट इतक्या जणांनी मागेपुढे केली होती की नुसत्या धक्क्याने ती पार मागे सरकली. काकूंनी पाय सरळ लांब केला. कामणच्या खड्ड्यांवरून मी जीव मुठीत धरून गेले, जणू माझाच गुडघा दुखत होता. परत आल्यावर त्या लगेच उतरल्या नाहीत. डॅशबोर्डवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "येशील ना गं आमच्याकडं?"

मित्रांनो, शेकडो माणसे माझ्यात बसून गेली, पण मला कुणी काही विचारले नव्हते.

बाबूकाकांनी खिशातून केळीच्या सोपटाचा दोरा काढला. वाडीत सोपटे, म्हणजे केळीच्या खोडाच्या साली, वाळवून, चिरून त्यांचे दोरे करतात आणि त्यांत फुले बांधतात. त्यांनी माझ्या पुढच्या जाळीला पक्की गाठ मारली.

"हे काय, काका?" परेशने विचारले.

"बाजारात बैल जुंपून बगितला, पसंत पडला, की शिंगाला गाठ मारायची," बाबूकाका म्हणाले. "मग त्याला दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय. दसऱ्याला येतो न्यायला."

परेश नुसता हसला. घरी येणारी गाडी वेगळी असते, हे त्याने तेव्हाच सांगायला हवे होते. पण पक्के झालेले गिऱ्हाईक कशाला बिचकवा, असा त्याने विचार केला असावा. मला मात्र त्याचे हसणे म्हणजे होकार वाटला. मी वेडी दिवस मोजू लागले. कुणी मला चालवायला घेतले की मनात म्हणे, फिरवा बापडे, आता मी दिल्या घरची आहे.

दसऱ्याच्या सकाळी मी फाटकाजवळ उभी होते. तिघे रिक्षातून उतरले आणि थेट माझ्याकडे आले. बाबूकाकांनी गाठ चाचपून पाहिली. मालनकाकूंनी मला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि स्वतः बांधलेला सोनचाफ्याचा हार घातला. जन्मात पहिल्यांदा मला फुलांचा वास आला. मी सुखाने भरून गेले होते, खोटे कशाला बोलू.

तेवढ्यात परेश धावत आला. "काका, ही नाही. ही डेमोची आहे. तुमची गाडी आत आहे, एकदम कोरी."

बाबूकाकांना कळेना. "आमी हिला जुंपून बगितली."

"सेम मॉडेल आहे, काका. कलरपण सेम."

"दाखवायचा एक बैल आनि दावनीला बांधायचा दुसरा, याला आमच्याकडं फसवनूक म्हनतात."

मयूर ओशाळला. "बाबा, चला ना. लोक बघतायत. हिला सतराजणांनी चालवलंय."

"सतराजनांनी चालवून पन हिनं खोडी केली नाय," बाबूकाका म्हणाले. "म्हनून तर हवी होती."

पण मुलाच्या तोंडाकडे बघून त्यांनी मान खाली घातली. आतून चकचकीत गाडी बाहेर आली. परेश माझ्या गळ्यातला हार काढायला पुढे झाला, तेव्हा मालनकाकूंनी त्याचा हात धरला. "घातलेला हार काढून दुसऱ्याला घालत नाय. राहू दे तिला." नव्या गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मला हाक मारायची होती, पण आमचा हॉर्न दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही. लिंबू तसेच माझ्या चाकाखाली राहिले.

दुपारी पुढचे गिऱ्हाईक आले. परेशने हार उतरवून कुंपणावर टाकला. गाठ काही त्याला सुटेना. ती राहिली, आणि तिच्याच आधाराने मी पुढचे दिवस काढले.

तीन वर्षांनी नवे मॉडेल आले आणि मला इथे आणून टाकले. भंगारात देण्याआधी परेशला काय आठवले कोण जाणे, त्याने बाबूकाकांना फोन केला. घेता का म्हणून विचारले. एका सकाळी काका आले, परेशच्या मागून, एकटेच. मला वाटले, उशिरा का होईना, माझे दिवस फिरले.

काकांनी पुढच्या सीटला धक्का दिला. ती पार मागे सरकली. ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"बसनारी गेली, परेश. माघात वर्ष होईल," ते म्हणाले. "ती नवी पन नुसती उभी हाय."

"मग आलात कशाला, काका, एवढ्या लांब?"

"गाठ मारली होती ना. बांधलेलं जनावर असं मागं सोडून जात नाय."

ते जाळीपाशी वाकले. कुजायला आलेले सोपट त्यांनी नखांनी हळूहळू उकलले, खिशात घातले आणि बॉनेटवर थाप मारली. "जा बाई, सुटलीस."

मित्रांनो, माणसे मोकळे होण्यासाठी धडपडतात म्हणे. मला आता पाऊस गंजवतो, उंदीर सीट कुरतडतात, त्याचेही काही वाटत नाही. एवढेच मागणे आहे: जिला घरी न्यायचे नाही, तिला 'येशील ना' असे विचारू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही. मी तर केव्हाच हो म्हणून बसले होते.