हातचाचणी

मी तंत्रशाळेत फिटर शाखेला शिकवते. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की मुलांनी पुढे काय करावं, हे सांगायला सगळे पुढे सरसावतात. मामा सांगतो, शेजारी सांगतात, केस कापणारासुद्धा कात्री थांबवून सांगतो. मला कोणी विचारत नाही, ते एका परीनं बरंच आहे. माझ्याकडे जागा चाळीस आणि अर्ज दीडशेच्या वर. त्यातले निम्मे 'दुसरीकडे कुठे जमलं नाही तर हे' म्हणून आलेले असतात, आणि ते ओळखायला मला चष्मा लागत नाही.

म्हणून आम्ही हातचाचणी घेतो. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा, एक कानस आणि दीड तास. तुकड्याच्या लगतच्या दोन कडा घासून सपाट करायच्या, त्यांच्यात काटकोन आणायचा. तो मी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडासमोर धरून तपासते. शाळेचे गुण आणि हे गुण मिळून यादी लागते. चाचणी चालू असताना पालक बाहेरून काही बोलले, तर मुलाचे दहा गुण कापले जातात. तशी पाटी दारावर आहे. ती मी लावली, कारण एका आईनं खिडकीतून अख्खी चाचणी मुलाकडून करून घेतली होती.

यंदा एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडील स्वतः फिटर, सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात. डाव्या तर्जनीचं शेवटचं पेर नाही, आणि खुर्चीवर बसताना आधी टेबलाला धरतात.

"आधीच सांगतो बाई, माझी इच्छा नाही," ते म्हणाले. "हिला गुण चांगले आहेत, विज्ञान शाखा मिळतेय. पुढे कुठल्यातरी प्रयोगशाळेत पंख्याखाली बसून काम करेल. पण हट्टाला पेटलीय. शेवटी ठरलंय आमचं. चाळिसात आली तर मी ब्र काढणार नाही. नाही आली तर मुकाट्यानं विज्ञान."

"तुम्ही फिटर असून नको म्हणता?"

"फिटर आहे म्हणूनच नको म्हणतो."

मुलगी तोवर कार्यशाळेत जाऊन आपल्या जागेचा, तुकडा घट्ट पकडायचा व्हाइस हलवून बघत होती. "हा ढिला आहे," तिनं मला सांगितलं आणि माझी वाट न बघता स्वतःच आवळला. आठ वर्षांची असल्यापासून ती घराच्या जिन्याखाली त्यांच्या शेजारी बसून लोखंड घासते, असं वडिलांनी सांगितलं. स्वर तक्रारीचा होता, पण तक्रार काही नीट जमली नाही त्यांना.

चाचणी सुरू झाली. पालकांचं बाकडं बाहेर खिडकीखाली आहे. तिथून बसल्या जागी आतलं दिसत नाही, आतून मात्र त्यांची डोकी आणि पाठी दिसतात. पहिला अर्धा तास मी त्या मुलीपाशी दोनदा उगाचच थांबले. काम बघायला बरं वाटत होतं. एक कड पूर्ण झाली, गुण्या लावला तर उजेडाची फटसुद्धा नाही. दुसरी कड घेण्याआधी तिनं मान वर केली. बाहेर वडील दोन्ही मुठींनी कंबर दाबत बसले होते. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

मग तिच्या कानशीची चाल बदलली. कानस पुढे नेताना दाबायची आणि मागे घेताना सैल सोडायची, हा आमचा पहिला धडा. मागे घेताना दाबली तर दात बोथट होतात, कड गोल होते आणि आवाज खरखरीत येतो. तिच्याकडून तोच आवाज यायला लागला. मला वाटलं, दमली असेल.

आत वीस कानशी चालू होत्या. त्यातून वडिलांनी नेमकी तिची ऐकली. ते उठले, खिडकीशी आले, आणि घरात पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "मागे येताना दाबतेस कशाला?"

सगळ्यांचे हात थांबले. मुलगी लाल झाली.

"दारावरची पाटी वाचलीत ना?" मी विचारलं. "दहा गुण गेले तिचे."

"जाऊ देत. तिला सरळ घासायला सांगा. मुद्दाम करतेय ती."

मी दहा गुण कापले. मुलीनं पुढे सरळ घासलं, जीव लावून घासलं, पण निघून गेलेलं लोखंड परत येत नाही. यादीत ती एक्केचाळिसावी आली. वडील पैज जिंकले होते.

यादीतल्या मुलांना प्रवेश पक्का करायला दहा दिवस असतात. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तिचे वडील माझ्या दाराशी हजर. "कोणी जागा सोडली का?" तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी जरा चिडवलंच त्यांना. "तुम्ही तर जिंकलात. मग या चकरा कशाला?"

"जिंकलो कुठे? तिनं जिंकू दिलं." ते टेबलाला धरून बसले. "माझी कंबर दुखते म्हणून पोरीनं चांगलं काम नासवायचं? सव्वीस वर्षांत कोणी मुद्दाम बिघडवलेला तुकडा मी हातातून पुढे जाऊ दिला नाही बाई. हिचा कसा जाऊ देऊ?"

मला त्यांचा राग आला होता, तो त्या दिवशी गेला. पण जागा काही माझ्या हातात नव्हती, आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते रोज येत राहिले. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. मुलगी विज्ञानाची पुस्तकं गोळा करतेय म्हणाले.

दहाव्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या अर्धा तास आधी, एका मुलानं पदविकेला प्रवेश मिळाल्याचं कळवून जागा सोडली. मी बाहेर येऊन ते सांगितलं आणि प्रवेशाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि तिथेच उभं राहून घरी फोन लावला.

"उद्या सकाळी आठला तंत्रशाळेत हजर व्हायचं. जागा मिळाली तुला. चपला चालणार नाहीत, बूट लागतील."

 पलीकडून ती काहीतरी बोलली. ते ऐकून घेताना त्यांनी खिडकीतून आतल्या व्हाइसच्या रांगेकडे बघितलं.

"मनापासून म्हणतोय का, ते विचारू नकोस," ते म्हणाले. "बूट शोध."