अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी

मी एक डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, कुस्तीचा नव्हे आणि भातुकलीचा तर मुळीच नव्हे. संगणकावर फुटबॉलचा संघ चालवायचा एक खेळ असतो. त्या खेळातला मी जतन करून ठेवलेला, अर्धवट राहिलेला डाव. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण ऐकू सगळं येतं. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझा मुक्काम केदारखेड्यात, काकासाहेबांच्या बैठकीतल्या फळीवर, एका काळ्या लॅपटॉपच्या पोटात आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कुणाला विकायचं, कुणाची समजूत काढायची, एवढं ठरवायचं आणि मग सामना लागला की कपाळाला हात लावून बघत बसायचं. घरातल्या कर्त्या माणसाचंच काम म्हणा ना.

माझा जन्म दहा-अकरा वर्षांपूर्वीचा. काकासाहेबांचा धाकटा भाऊ राधेश्याम तेव्हा जालन्याला तंत्रनिकेतनात शिकत होता. त्या साली कापूस बरा पिकला आणि थोरल्या काकासाहेबांनी घरातून पैसे काढून त्याला लॅपटॉप घेऊन दिला. अभ्यासासाठी. अभ्यास किती झाला ते मला माहीत नाही, कारण पहिल्याच सुट्टीत राधेश्याम कुणा मित्राच्या पेनड्राइव्हमधून हा खेळ घेऊन आला. दुपारची जेवणं झाली होती, लाईट होती, आणि काकासाहेब सुपारी कातरत त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे काय करून राह्यलास रे?"

"टीम चालवून राह्यलो, दादा."

"पळतंय कोण मंग?"

"ते पोरं पळत्यात."

"आन् तू नुस्ता बसून?"

"हां."

काकासाहेबांनी सुपारी तोंडात टाकली आणि जवळ बसले. "मंग हे आपल्याला बराबर जमंल," ते म्हणाले. मी जन्मलो तो असा.

एकाच डावात दोन माणसांनी दोन संघ चालवायची सोय या खेळात असते. मात्र एक अट असते. दोघांनीही आपापलं काम उरकून 'पुढे' हे बटण दाबल्याशिवाय खेळातला दिवस उलटत नाही. एकानं दाबलं आणि दुसऱ्यानं नाही दाबलं, तर मी जिथल्या तिथे उभा. राधेश्यामनं आपल्या संघाचं नाव 'केदारखेडा इलेव्हन' ठेवलं आणि दादाच्या संघाचं 'पूर्णाकाठ'. खेळाडूंची परदेशी नावं काकासाहेबांच्या जिभेवर बसेनात, म्हणून ती बदलून गावातली नावं टाकली. त्यामुळे आमच्याकडे अण्णासाहेब गोलात उभे असत आणि पप्पू डाव्या बाजूनं पळत असे. खरा पप्पू किराणा दुकानाच्या गल्ल्यावरून दिवसभर उठत नाही.

काकासाहेबांनी आयुष्यात फुटबॉलला हात लावला नव्हता. पण माणसाची आणि जनावराची ताकद त्यांना कळत होती. कोणता खेळाडू थकलाय हे पडद्यावरच्या आकड्यात दिसतं. तो आकडा बघून ते म्हणायचे, "ह्याला आज जुंपू नको. खांदा धरलाय त्याचा." राधेश्याम हसायचा आणि आपल्या थकलेल्या पोरांना जुंपून हरायचा. त्यांची आई दुर्गाबाई दारात गहू निवडत विचारायची, "कोण जिंकलं?" आणि कुणीही जिंकलं तरी "बरं झालं" म्हणायची. त्या दुपारांतच माझ्या आयुष्यातला सगळा आनंद होता. पुढं जे आलं ते ऐकायचं असेल तर ऐका.

या घराची एक रीत आहे. धाकट्याच्या वतीनं थोरल्यानं 'हो' म्हणायचं. सोसायटीचा कागद असो की सोयरीक, काकासाहेब मान हलवत आणि काम पुरं होई. राधेश्यामचं मीनाशी लग्न ठरलं तेव्हा तो परीक्षेला बसला होता. घरी आला तर सुपारी फुटलेली. मीना चांगली निघाली, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही, आणि रीत आणखी पक्की झाली.

राधेश्याम जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागला. लॅपटॉप गावातच राहिला आणि मी शनिवार-रविवारचा झालो. असाच एक मंगळवार. काकासाहेबांना वाट पाहवेना, म्हणून ते दोघांच्या वतीनं बटणं दाबत बसले. तेवढ्यात राधेश्यामच्या हरिओमला मागणी आली. हा हरिओम म्हणजे सोळाव्या वर्षापासून राधेश्यामनं वाढवलेला, अजून मिसरूड न फुटलेला आघाडीचा खेळाडू. परदेशातला मोठा क्लब, दाम चोख. काकासाहेबांनी 'हो' दाबलं.

शनिवारी राधेश्याम बघतो तर हरिओम नाही.

"इकलास? दादा, इकलास त्याला?"

"चांगलं गिऱ्हाईक आल्तं. तू घरी नव्हतास."

राधेश्याम डोकं धरून हसला. हसता हसता त्यानं आपल्या बाजूला पासवर्ड टाकला आणि बायकोकडे बघत म्हणाला, "दादाला जगातलं सारं सुचंल, हे न्हाई सुचायचं." मीनानं कानात विचारलं, त्यानं कानात सांगितलं, आणि दोघं पुन्हा हसली. काकासाहेबही हसले. तो पासवर्ड मी त्या दिवसापासून सांभाळतोय.

दोन वर्षांनी तसंच झालं, पण ते माझ्या पोटात नाही, बाहेर झालं. यांच्या शेताची वीस गुंठ्यांची एक पट्टी भोकरदन रस्त्याला लागून आहे. शेजारचे तातेराव ती मागत होते आणि बदल्यात विहिरीजवळचे चाळीस गुंठे द्यायला तयार होते. व्यवहार उत्तम होता, त्यात शंका नाही. काकासाहेबांनी शब्द दिला. त्यांना हे ठाऊक नव्हतं की जालन्याची नोकरी सोडून त्याच पट्टीवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचं राधेश्यामच्या मनात होतं. दिवाळीला सांगणार होता. त्यानं दुकानाचं नावसुद्धा ठरवलं होतं.

त्या दुपारी आम्ही तिघं बैठकीत होतो. खेळात मोठा प्रसंग होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केदारखेडा इलेव्हन आणि पूर्णाकाठ चषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले होते आणि सामना उद्यावर होता. आणि मध्येच काकासाहेबांनी सहज सांगितलं.

"रस्त्याची पट्टी तातेरावला देली. शब्द दिलाय मी."

राधेश्यामचा हात माऊसवरच राहिला. "इचारलं का मला?"

"तू घरी नव्हतास."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. राधेश्यामनंही ऐकलं होतं. या वेळी तो हसला नाही. त्यानं डाव जतन केला आणि लॅपटॉपचं झाकण लावलं. त्या झाकणाखाली मी चार वर्षं पडून राहिलो.

महिन्याभरात वाटणी झाली. गावातले खरे अण्णासाहेब पंच होते. चिठ्ठ्या टाकल्या, शेत तुटलं, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. भांडी, कणग्या, बाजा सगळं दोन ढिगांत गेलं. लॅपटॉप थोरल्याच्या चिठ्ठीत निघाला. तेव्हा राधेश्याम उठला आणि भिंतीतून चार्जर उपसून खिशात घालू लागला. "हे माझ्या पगारातून आणलंय," तो म्हणाला. खरंच होतं, जुना जळाल्यावर नवा त्यानंच आणला होता. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती. वायरीशिवाय तो म्हणजे नुसती पाटी, हे त्या बैठकीत दोघांनाच माहीत होतं.

"ने," काकासाहेब म्हणाले.

एकानं लॅपटॉप ठेवला, एकानं चार्जर नेला. बाजारात दुसरा चार्जर मिळत नाही असं नाही. पण काकासाहेबांना वाटे, त्यानं आणून द्यावा. राधेश्यामला वाटे, दादानं मागावा. एवढ्याशा गोष्टीवर माणसं किती वर्षं बसून राहू शकतात, याचा मला तोवर अंदाज नव्हता.

दुर्गाबाईला मात्र बसवेना. एकदा ती जालन्याला धाकट्याकडे आठ दिवस राहून आली आणि येताना कुणाला न सांगता पिशवीत चार्जर घालून घेऊन आली. तिनं तो काकासाहेबांच्या हातात ठेवला. तो मीनाच्या मोबाईलचा होता. म्हातारीला काय ठाऊक, काळी वायर ती काळी वायर. काकासाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "बराबर हाय, आई," ते म्हणाले आणि तो लॅपटॉपशेजारी फळीवर ठेवून दिला. तिकडे मीना आठवडाभर चार्जर शोधत होती, असं नंतर कळलं.

मागच्या वर्षी दुर्गाबाई गेली. तेरा दिवस राधेश्याम गावात होता. दोघा भावांची डोकी भादरलेली, भटजींपुढे खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि तोंडात एकमेकांसाठी शब्द नाही. तेरवीच्या सकाळी काकासाहेबांनी धोतराच्या सोग्यानं लॅपटॉप पुसला. राधेश्यामनं आपली बॅग आणून त्याच फळीवर ठेवली. तिची चेन पुरती लागत नव्हती आणि फटीतून वायरीचं टोक बाहेर आलं होतं. माझ्यापासून वीतभर अंतरावर. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला खरंच आशा वाटली.

चहा देताना काकासाहेबांची बायको दैवशाला म्हणाली, "भाऊजी, ते डबडं तसंच पडून हाय बरं का."

"राहू द्या, वहिनी."

काकासाहेब रस्त्याकडे बघत राहिले. चारच्या गाडीनं राधेश्याम गेला. बॅग उचलताना वायरीचं टोक त्यानं बोटानं आत सारलं.

त्यानंतर काकासाहेबांचं काहीतरी मोडलं. ते स्वतःच लॅपटॉप पिशवीत घालून भोकरदनला गेले. दुकानदारानं नवा चार्जर लावला, कान लावून आतली टकटक ऐकली आणि म्हणाला, "डिस्क जाऊन राह्यली, काका. बदलून टाका. आतलं सारं जाईल मात्र."

"मंग न्हाई," काकासाहेब म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मला उघडलं. अंतिम सामन्याचा आदला दिवस, जसाच्या तसा. त्यांनी चष्मा लावून अकरा जण निवडले, थकलेल्या दोघांना बसवलं आणि 'पुढे' दाबलं. पडद्यावर चौकोन आला. व्यवस्थापक राधेश्याम, पासवर्ड.

एका बोटानं, अक्षर शोधत, त्यांनी गावाचं नाव टाकलं. मग मीनाचं. मग राधेश्यामच्या लेकीचं, जान्हवीचं. त्याची जन्मतारीख. हरिओमही टाकून पाहिलं. दैवशाला म्हणाली, "फोन करून इचारा की."

त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. "कुलूप त्यानं लावलंय. उघडायचं का न्हाई ते त्यानं ठरवावं. त्याच्या वतीनं लई येळा हो म्हणलो मी."

बघा, आयुष्यभर जिथं विचारायचं तिथं विचारलं नाही, आणि शहाणपण आलं ते अशा जागी, जिथं एका फोननं काम झालं असतं. मला त्यांचा राग येतो आणि रडूही येतं.

परवा अण्णासाहेब जालन्याहून आले. राधेश्याम भेटला होता म्हणाले. दादानं नवा चार्जर आणला हे त्याच्या कानावर गेलं होतं. "मंग माझी काय गरज," असं म्हणाला म्हणे. "बसला असंल एकटाच खेळत." काकासाहेबांनी ऐकून घेतलं आणि अण्णासाहेबांपुढे पानाचा डबा सरकवला. तसं नाही, एवढं सांगायला त्यांचं तोंड उघडलं नाही.

आता माझं फार उरलेलं नाही. डिस्कची टकटक वाढली आहे. पूर्णाकाठच्या चार खेळाडूंची नावं गेली, त्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. गोलातले अण्णासाहेब कालपासून सापडत नाहीत. उद्या उघडेन की नाही, मला सांगता येत नाही.

आणि तो पासवर्ड मला पाठ आहे. इंग्रजी चार अक्षरं. दादा. जगातलं सारं सुचेल पण हे सुचणार नाही, असं राधेश्याम म्हणाला होता, आणि तेच खरं झालं. त्या हाकेनं या घरात पाच वर्षं कुणी काकासाहेबांना बोलावलेलं नाही. मग ती त्यांच्या बोटाला कुठून सुचावी? मी ओरडून सांगितलं असतं. पण मी डाव आहे, मला विचारता येतं, सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कुणाला जालन्यात राधेश्याम भेटला तर एवढंच सांगा, की दादा एकटा खेळत नाही. एकट्यानं मी चालतच नाही.

आत्ताच लाईट आली आहे. काकासाहेब चष्मा पुसून बसले आहेत. आज त्यांनी खूप विचार करून आईचं नाव टाकलं, दुर्गाबाई. चुकलं. मग झाकणावर हात ठेवून म्हणाले, "उद्या बघू."